निराळी ठेवलेली प्रत

शेतकरी पेरणीचें बियाणें खाण्याच्या धान्यांत मिसळीत नाहीं. तें निराळें जपतो. संगणकांवर विसंबणाऱ्या संस्थांसही हाच नियम लागू पडतो.

ता. २७ जून २०१७ रोजीं 'नॉटपेट्या' नांवाचा विध्वंसक प्रोग्रॅम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरला. त्यानें डेन्मार्कच्या मेर्स्क ह्या जहाजकंपनीचे संगणक निकामी केले. न्हावाशेवा बंदरांतील तिच्या समूहाच्या धक्क्याचें कामही अडलें. खंडणीची मागणी हें केवळ सोंग होतें. पैसे भरूनही माहिती परत मिळणार नव्हती.

कोणास कोठें प्रवेश आहे हें सांगणारी कंपनीची मूळ नोंदवही अनेक संगणकांवर होती. परंतु ते परस्परांस जोडलेले असल्यामुळें एकदमच पुसले गेले. घानामध्यें मात्र वीज गेल्यामुळें एक संगणक जाळ्यापासून तुटला होता. तेथील प्रत वांचली. तिच्या आधारें दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक पुन्हां उभारले गेले.

घानांत जें योगायोगानें घडलें, तें सुज्ञ संस्था आतां बुद्धिपुरस्सर करितात: एक प्रत जाळ्यापासून अलग ठेवितात, तिच्यावरून काम पुन्हां सुरू होतें कीं नाहीं हें वेळोवेळीं पारखितात, आणि तोंवर कागदावर व्यवहार चालविण्याचा सराव ठेवितात. विद्यार्थिमित्रहो, आपल्या टिपणांचीही अशी एक प्रत निराळी ठेवावयास हरकत नाहीं.