पक्षाघात : मेंदूच्या पेशी एवढ्या लवकर का मरतात?

गुरुवार हा भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांचा सुट्टीचा दिवस. अशाच एका गुरुवारी दुपारी लेथवर काम करणाऱ्या पंचावन्न वर्षांच्या एका गृहस्थांना माझ्याकडे आणण्यात आले. सकाळी सात वाजता चहाचा कप त्यांच्या उजव्या हातातून निसटला होता आणि जीभ जड झाली होती. रात्रपाळीचे जागरण आहे, झोप झाली की बरे वाटेल, असे समजून घरच्यांनी त्यांना निजवले. जाग आली तेव्हा उजवी बाजू पूर्ण लुळी पडली होती आणि घड्याळात तीन वाजले होते. मी त्यांना तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवले. आज ते काठीच्या आधाराने चालतात; पण वाचा पूर्ण परत आलेली नाही.

त्यांचा मुलगा चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्स विभागात आहे. त्याने मला विचारले, "डॉक्टर, हाताचे ऑपरेशन करताना पट्टा आवळून तासभर रक्त थांबवतात, तरी हात शाबूत राहतो. मग मेंदूच एवढ्या लवकर कसा मरतो?"

प्रश्न मार्मिक होता. त्याचे उत्तर सर्वांनाच ठाऊक असावे, म्हणून हा लेख.

दारे आणि पंप

मेंदूचे वजन शरीराच्या अवघे २ टक्के असते. पण आपण स्वस्थ बसलो असतानाही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू तो वापरतो. स्नायूंजवळ थोडीफार शिल्लक असते, मेंदूजवळ जवळजवळ नसते. त्याचा सारा संसार हातावर पोट असलेल्या माणसासारखा आहे.

ही ऊर्जा कुठे खर्च होते? चेतापेशीच्या आत पोटॅशियम जास्त असते, तर बाहेर सोडियम व कॅल्शियम जास्त. हे सर्व विद्युतभारित कण, म्हणजे आयन होत. पेशीच्या आवरणात प्रथिनांची बनलेली अतिसूक्ष्म दारे असतात, त्यांना 'आयन चॅनेल' म्हणतात. दार उघडले की आयन दाटीकडून विरळ बाजूकडे आपोआप धावतात. या धावण्यातूनच विजेचा संदेश तयार होतो आणि आपण बोलतो, हात हलवतो. एकेका चॅनेलमधून जाणारा हा प्रवाह मोजण्याची युक्ती शोधणाऱ्या नेहर व साकमन या जर्मन शास्त्रज्ञांना १९९१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आत आलेले आयन पुन्हा बाहेर घालवण्यासाठी पंप असतात. सोडियमचे ३ आयन बाहेर टाकायचे आणि पोटॅशियमचे २ आत घ्यायचे, हे त्यांचे अखंड काम. दारांतून वाहायला ऊर्जा लागत नाही, पंपाला मात्र लागते. मेंदूची निम्म्याहून अधिक ऊर्जा आयनांची अशी ने-आण करण्यातच जाते.

मी त्या मुलाला म्हटले, "तुमच्या कारखान्याच्या तळघरात पाणी पाझरते आणि पंप ते उपसतो. वीज गेली तर काय होईल?" तो लगेच म्हणाला, "तळघर भरेल." मेंदूत नेमके हेच घडते.

पूर कसा येतो?

रक्ताची गुठळी अडकली की काही मिनिटांत पंप थंडावतात. सोडियम आत साचू लागते, त्यामागोमाग पाणी शिरते आणि पेशी सुजते. पेशीतील विजेचा समतोल ढळल्याने आणखी दारे उघडतात. पेशींच्या टोकांतून ग्लुटामेट हे रसायन भसाभस बाहेर पडते. एरवी ते निरोप पोहोचवते. आता तेच शेजारच्या पेशींची कॅल्शियमची दारे सताड उघडते. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट असते. ते आत घुसले की पेशीतील पाचक रसायने जागी होतात आणि पेशी स्वतःलाच पोखरू लागते.

मोठी रक्तवाहिनी बंद झाल्यास दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब अमेरिकी मेंदूतज्ज्ञ सेव्हर यांनी २००६ साली मांडला.

पण यात एक आशाही आहे. मधला भाग लवकर मरतो. त्याभोवतीच्या भागाला शेजारच्या वाहिन्यांतून थोडे रक्त मिळत राहते. तिथल्या पेशी काम थांबवतात, पण काही तास जिवंत असतात. आपली सारी धावपळ या अर्धमेल्या भागासाठी असते.

मग ही दारेच औषधाने बंद करता येणार नाहीत का? प्रयत्न पुष्कळ झाले. मॅग्नेशियम यातले एक दार अडवते, म्हणून लॉस एंजेलिस परिसरात १,७०० रुग्णांवर रुग्णवाहिकेतच त्याची चाचणी घेण्यात आली. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : अपंगत्व कमी झाले नाही. पूर आल्यावर एखादे दार लोटून भागत नाही, वीजच परत यावी लागते. म्हणजे रक्तप्रवाह सुरू व्हावा लागतो.

त्यासाठी गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आहे. यातले टेनेक्टेप्लेज हे औषध तर आपल्या शेजारची हिंजवडीची जिनोव्हा कंपनीही बनवते. असे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि जितके लवकर तितका लाभ अधिक. निवडक रुग्णांत नळी घालून गुठळी काढण्याचा उपाय २४ तासांपर्यंत करता येतो.

काय करावे?

तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यापैकी एक जरी लक्षण अचानक दिसले तरी थांबू नका. पाळी संपण्याची वा झोप होण्याची वाट पाहू नका. लक्षण दहा मिनिटांत गेले तरी जा. तो पुढच्या झटक्याचा इशारा असू शकतो.

१०८ क्रमांकावर फोन करा आणि चोवीस तास सीटी स्कॅन व हे इंजेक्शन उपलब्ध असलेल्या रुग्णालयातच न्या. असे रुग्णालय कोणते, याची चौकशी आजच करून ठेवा. रुग्ण शेवटचा ठीक केव्हा होता, ती वेळ लिहून घ्या; डॉक्टर प्रथम तीच विचारतात. तोंडाने पाणी किंवा गोळी देऊ नका. झटका रक्तस्रावाचाही असू शकतो आणि तो फरक स्कॅनशिवाय कळत नाही, म्हणून अ‍ॅस्पिरिनही नको. मालीश, कबुतराचे रक्त असल्या उपायांत मोलाचे तास जातात.

निघताना तो मुलगा म्हणाला, "कारखान्यात पंप बंद पडला की मी दोन मिनिटांत धावतो. घरी मात्र आम्ही आठ तास बसून राहिलो." त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता, त्याला कोणी सांगितलेच नव्हते. आपल्याला आता ठाऊक झाले आहे. घरात आणि पाळीवरच्या सोबत्यांना जरूर सांगा.