संकेतस्थळाचं घर बदलताना

गेल्या भागानंतर दोन-तीन मराठी मंडळांच्या कार्यकर्त्यांनी एकच प्रश्न विचारला. ‘आमचं संकेतस्थळ ड्रुपल ७ वर आहे, आता त्याचं काय करायचं?’ म्हणून हा भाग. व्हिडिओत जे पडद्यावर दाखवलं ते इथे शब्दांत सांगावं लागणार, तेव्हा थोडा धीर धरा.

मी बोलतोय श्रीपेरुंबुदूरहून. चेन्नईहून बंगळुरूकडे जाणाऱ्या महामार्गावरचं हे गाव. गावात रामानुजाचार्यांचं जन्मस्थान, आणि गावाभोवती गाड्या, काच, मोबाइल बनवणारे कारखाने. मी चाकणहून इथे आलो. दिवसा कारखान्यातल्या संगणकांची कामं आणि रात्री एका मराठी मंडळाच्या संकेतस्थळाची देखभाल, तीही फुकट. मंडळाचं नाव सांगत नाही, कारण पुढे चुकांची गोष्ट आहे आणि त्यातली सगळ्यात मोठी चूक माझी आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. संकेतस्थळावर लेख चढवणं, फोटो लावणं, सभासदांना खाती देणं ही कामं ज्या सॉफ्टवेअरवर चालतात त्याला कंटेंट मॅनेजमेंट सिस्टम म्हणतात, थोडक्यात सीएमएस. वर्डप्रेस हे त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं नाव. ड्रुपल हे दुसरं, २००१ पासूनचं. मराठी वाचकांशी त्याचं जुनं नातं आहे. मायबोली, मनोगत, मिसळपाव ही आपल्याला माहीत असलेली मराठी संकेतस्थळं ड्रुपलवरच चालत आली. त्याची सातवी आवृत्ती ५ जानेवारी २०११ ला आली आणि तिचा अधिकृत आधार बरोबर चौदा वर्षांनी, ५ जानेवारी २०२५ ला संपला. खरं तर तो २०२१ मध्येच संपायचा होता. मुदत वाढवत वाढवत तिथपर्यंत आणली, कारण जगभर असंख्य लोक आमच्यासारखेच ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणत बसले होते.

आधार संपला म्हणजे संकेतस्थळ बंद पडत नाही. ते चालूच राहतं, आणि तीच गोम आहे. नवी भोकं सापडतात, पण अधिकृतपणे ती बुजवणारं कोणी नसतं. १५ ऑक्टोबर २०१४ ला ड्रुपल ७ मधल्या एका गंभीर दोषाची दुरुस्ती जाहीर झाली होती. नंतर ड्रुपलच्या सुरक्षा गटाने सांगितलं की जाहीर झाल्यापासून सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती लावली नाही त्यांनी आपलं संकेतस्थळ फोडलं गेलंय असंच धरून चालावं. सात तास! आपल्या मंडळात व्हॉट्सअॅपवरचा निरोप सगळ्यांनी वाचायला याहून जास्त वेळ लागतो.

मग नवी आवृत्ती घाला की, असं वाटेल. इथे अडचण अशी आहे की सात आणि आठ यांच्यामध्ये ड्रुपल आतून जवळजवळ नव्याने लिहिलं गेलं. त्यामुळे जुन्या घराला रंग देऊन भागत नाही. शेजारी नवं घर बांधायचं आणि सामान एकेक करून तिकडे न्यायचं. हे सामान नेणं म्हणजे मायग्रेशन. त्यासाठीची हत्यारं नव्या ड्रुपलमध्येच दिलेली आहेत. ती प्रत्येक वस्तूची नोंद ठेवतात, म्हणजे जुन्या घरातला अमुक क्रमांकाचा लेख नव्या घरात कुठल्या क्रमांकाने ठेवला याचा तक्ता असतो. तक्ता असल्यामुळे चूक झाली तर सगळं उलटं फिरवून पुन्हा सुरुवात करता येते. आम्ही तसं बऱ्याच वेळा केलं.

आता मराठी मजकुराच्या खास अडचणी. इंग्रजी पुस्तकांत हा भाग सापडणार नाही.

पहिली जुन्या फॉन्टची. युनिकोड रूढ होण्याआधी शिवाजी, किरण असे फॉन्ट वापरून लिहायचे. त्यात संगणकाच्या लेखी मजकूर रोमन अक्षरांचाच असतो, फक्त त्या अक्षरांवर मराठी मुखवटा चढवलेला. मुखवटा काढला की खाली निरर्थक रोमन अक्षरं. आमच्या संग्रहातले सगळ्यात जुने दिवाळी अंक तसेच होते. त्यांचं रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात, पण ते वेलांटीशी अडखळतात. जुन्या फॉन्टमध्ये ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी आणि मग क, कारण कागदावर ती आधी दिसते. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम, आधी क आणि मग वेलांटी. रफाराचं याच्या उलट. ‘वर्तमान’ मधला रफार डोळ्यांना त च्या डोक्यावर, म्हणजे नंतर दिसतो, पण युनिकोडमध्ये र आधी येतो. जोडाक्षरावर वेलांटी आणि रफार दोन्ही आले, ‘आर्थिक’ किंवा ‘मूर्ति’ सारखे, की प्रोग्राम हमखास चुकतो. असे शब्द वेगळे काढून माणसानेच वाचावे लागतात. त्याला पर्याय नाही.

इथून दक्षिणेला तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी कारभाराचे मोडी कागद आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत, पण ते सहज वाचणारी माणसं मोजकी. जुन्या फॉन्टमधल्या फायलींचं मला तसंच वाटतं. फरक एवढाच की मोडीला निदान ती लिपी आहे हे बघताक्षणी कळतं.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतही नाही. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन वेगळे शब्द. पहिल्यातला तो आडवा, चंद्रकोरीसारखा र संगणकात दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत नुक्ता असलेला र असतो, तर दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि त्याच्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. जुन्या कीबोर्डवरून आलेल्या मजकुरात बरेचदा ही दुसरी रीत सापडते. आता मी काय केलं, तर मजकूर स्वच्छ करायचा म्हणून सगळी अदृश्य चिन्हं काढून टाकणारी चार ओळींची स्क्रिप्ट चालवली. वर्डमधून चिकटवलेल्या लेखांत असला कचरा फार असतो, तो जावा एवढाच हेतू. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या जुन्या अहवालात वाचलं की कोजागिरीच्या जेवणाबद्दल आचार्यांना मानधन दिलं. मूळ शब्द होता आचाऱ्यांना. रामानुजाचार्यांच्या गावात बसून मी सगळ्या स्वयंपाक्यांना आचार्यपद देऊन टाकलं होतं! ही चूक हसण्यावारी गेली, कारण तक्ता होता, उलटं फिरवता आलं. पण एक लक्षात ठेवा, ही चूक शुद्धलेखन तपासनीसाला सापडत नाही. दोन्ही शब्द शुद्धच आहेत.

तारखांचीही एक बारीक गंमत आहे. ड्रुपल वेळ साठवतं ती ग्रिनिचच्या हिशेबाने, दाखवताना आपल्याकडचे साडेपाच तास मिळवतं. नव्या घरात ती सेटिंग राहून गेली तर पाडव्याच्या पहाटे चढवलेला लेख आदल्या दिवशीचा दिसतो. एका सेटिंगने सुटतं, पुढे जाऊ.

आता माणसं. खरी अवघड गोष्ट ही.

लोक विचारतात, आमचे पासवर्ड तुम्हाला दिसतात का? नाही. पासवर्ड जसाच्या तसा कुठेच ठेवलेला नसतो, निदान नसावा. तो खलबत्त्यात कुटून ठेवतात. कुटलेल्या मसाल्यातून अख्खी मिरची परत मिळत नाही. तुम्ही लॉगिन करता तेव्हा तुम्ही टाइप केलेला शब्द तसाच कुटतात आणि दोन्ही मसाले सारखे आहेत का ते बघतात. या कुटलेल्या रूपाला हॅश म्हणतात. पण प्रत्येक पिढीचा खलबत्ता वेगळा. ड्रुपल ६ मध्ये कुटणं अगदी जुजबी होतं, एमडी५ नावाचं. सातमध्ये प्रत्येकाच्या मसाल्यात वेगळं मीठ घालून अनेकदा कुटायला लागले. १०.१ पासून पुन्हा पद्धत बदलली, आणि सातच्या काळातले हॅश ओळखायला एक वेगळं मोड्यूल ठेवलं. ते बंद केलं, तर जुन्या सभासदांना पासवर्ड बरोबर टाकूनही आत येता येत नाही. मग फोन सुरू होतात. ‘मी तोच पासवर्ड टाकतोय हो, पंधरा वर्षं तोच आहे!’ (तोच आहे ही वेगळी चिंता.) मोड्यूल चालू असेल तर जुना सभासद जुन्या पासवर्डने आत येतो आणि त्याच क्षणी नव्या पद्धतीने कुटलेला हॅश गुपचूप साठवला जातो. त्याला काही कळतही नाही, आणि तसंच हवं.

आणखी एक. सरावासाठी नव्या घरात सभासद हलवाल तेव्हा आधी तिथून बाहेर जाणारा ईमेल बंद करा. नाहीतर चाचणीच्या नावाखाली सगळ्यांना रात्री दोन वाजता स्वागताची पत्रं जातात.

आता माझी चूक. मायग्रेशनच्या आधी सगळेच सांगतात, अडगळ काढा. आमच्याकडे नोंदणी वर्षानुवर्षं खुली होती, त्यामुळे जाहिरातवाल्या खोट्या खात्यांचा ढीग साचला होता. मी नियम लावला, तीन वर्षांत ज्याने लॉगिन केलं नाही ते खातं काढायचं. खातं काढताना ड्रुपल चार पर्याय देतं. खातं निष्क्रिय करा, लेख राहू द्या. निष्क्रिय करा आणि लेखही झाका. खातं पुसा आणि लेख अनामिकाच्या नावे करा. किंवा खातं आणि लेख दोन्ही पुसा. मला वाटलं तिसरा पर्याय सुरक्षित, लेख तर राहतात. टिचकी मारली आणि झोपलो.

नवं संकेतस्थळ सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी परदेशातून एका मुलाचा फोन आला. ‘दादा, आजीचं नाव कुठे गेलं?’

त्याची आजी तंजावरी मराठी घरातली. म्हातारपणी नातवाकडून टायपिंग शिकून तिने माहेरच्या स्वयंपाकघराबद्दल, तिथल्या बोलीत, छोटे छोटे लेख लिहिले होते. इकडे यायच्या आधी मला मराठीचा तो सूर ऐकूनही माहीत नव्हता. आजी वारली, आणि वारलेलं माणूस लॉगिन करत नाही. माझ्या नियमाने तिला अडगळीत काढलं. लेख सगळे जागेवर होते, एक अक्षर हललं नव्हतं, पण प्रत्येकाखाली लिहिलेलं, ‘अनामिक’.

संकेतस्थळाच्या पोटात लेखाजवळ लेखकाचं नाव नसतंच. फक्त एक क्रमांक असतो. नाव खात्यात राहतं आणि क्रमांक दोघांना जोडतो. तिसऱ्या पर्यायाने तो क्रमांक शून्य होतो, लेखाच्या जुन्या आवृत्त्यांच्या नोंदीतही. शून्य म्हणजे अनामिक. एकदा शून्य झालं की हा लेख कोणाचा, हे चालू संकेतस्थळाला माहीतच नसतं. तिथून ते काढता येत नाही. आणि मायग्रेशनने इमानेइतबारे ते शून्यच नव्या घरात नेलं.

होस्टिंगवरचे बॅकअप माझ्या साफसफाईनंतरचे निघाले. वाचवलं ते एका कार्यकर्त्याच्या घरच्या हार्ड डिस्कवर पडलेल्या जुन्या प्रतीने. ती आम्ही नव्या घरावर ओतली नाही, तसं केलं असतं तर मधल्या काळातलं सगळं गेलं असतं. जुनी प्रत वेगळ्या संगणकावर उघडली, तिच्यातून लेखाचा क्रमांक आणि लेखकाचा क्रमांक हे दोनच रकाने काढले, पुसलेली खाती त्याच क्रमांकांनी पण निष्क्रिय म्हणून पुन्हा तयार केली आणि शून्यांच्या जागी मूळ क्रमांक भरले. आजी एकटी नव्हती. बरीच नावं परतली. काही दिवंगत होती, काही फक्त रुसलेली.

म्हणून मंडळांना माझं सांगणं असं. एक जरी लेख प्रसिद्ध झालेला असेल तर ते खातं पुसायचं नाही, निष्क्रिय करायचं. खोटी खाती ओळखायची खूण लॉगिनची तारीख नव्हे, ज्यांच्या नावावर काहीच नाही अशी खाती आधी बघा. उलट फोन नंबर, पत्ते, जन्मतारखा असं जे पूर्वी हौसेने भरून घेतलं होतं ते नव्या घरात नेऊच नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचाही रोख तोच आहे, की ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं तर ती ठेवू नये.

सगळंच हलवलं पाहिजे असंही नाही. मायबोली १९९६ साली गणेश चतुर्थीला सुरू झाली. नवी व्यवस्था आली तेव्हा तिथलं जुन्या हितगुजवरचं लेखन जुन्या जागीच वाचायला ठेवलं गेलं. छोट्या मंडळाला हा मार्ग मला जास्त पटतो. जुन्या पानांच्या साध्या, न बदलणाऱ्या एचटीएमएल प्रती करून ठेवायच्या. मागे डेटाबेस नाही, लॉगिन नाही, म्हणजे फोडण्यासारखंही फारसं काही उरत नाही. नावं लेखाखाली अक्षरांत छापलेली राहतात, तिथे कोणाची टिचकी पोचत नाही. पत्ते मात्र तेच ठेवा. छापील दिवाळी अंकात आणि लोकांच्या पत्रांत जे दुवे गेलेत ते आपल्याला बदलता येत नाहीत.

आम्ही जुनं घर अजून पाडलेलं नाही. बाहेरच्या जगापासून तोडून ते माझ्या कपाटातल्या एका जुन्या लॅपटॉपवर चालू ठेवलंय. अधूनमधून कोणाचा तरी फोन येतो, ‘माझी एक कविता होती हो, सापडत नाही.’ मग मी रात्री पाळी संपवून आलो की लॅपटॉप उघडतो आणि शोधतो.