तिजोरी उचलली, किल्ली राहिली

कल्याण-डोंबिवली महापालिकेनं या शतकाच्या सुरुवातीलाच मालमत्ता कर, पाणीपट्टी, दाखले संगणकावर आणले आणि राज्यातल्या इतर पालिकांनी तोच कित्ता गिरवला. हा कारभार ज्यावर चालतो त्या सर्व्हरचा बॅकअप घ्यायचा म्हणजे नेमकं काय उचलायचं?

नुसता डेटाबेस उचलणं म्हणजे घर बदलताना तिजोरी नेऊन किल्ली जुन्या घरी विसरणं. प्रोग्रॅमची नेमकी आवृत्ती, सेटिंगच्या फाइली, स्कॅन केलेले कागद, प्रमाणपत्रं, पासवर्ड आणि रात्री आपोआप चालणारी कामं, सगळं हवं. (ही शेवटची गोष्ट हमखास राहते.) शिवाय खिडकीवर पावत्या फाटत असताना डेटाबेसची फाइल सरळ कॉपी केली, तर निम्मी पानं जुनी, निम्मी नवी. म्हणून डेटाबेसच्याच साधनानं एका क्षणाची सुसंगत प्रत काढतात. नंतरचे व्यवहार लॉगमधून, म्हणजे डेटाबेसच्या रोजनिशीतून, पुन्हा चढवतात.

प्रत ठेवायची कुठे? कल्याणची शेजारच्या डोंबिवलीत, हे उत्तर अपुरं. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा वीजवाहिन्यांतल्या बिघाडानं मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदमच अंधारली, लोकल थांबल्या. प्रत दूर हवी, आणि एक तरी नेटवर्कपासून तोडलेली. नाहीतर खंडणीखोर व्हायरस तिलाही कुलूप घालतो.

आणि प्रत नुसती असून भागत नाही, ती खरंच चालते का हेही तपासावं लागतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत चुकून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, ऐन वेळी एकही धड चालेना. तारलं ते सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी काढून ठेवलेल्या प्रतीनं.