घाटात तापणारे इंजिन

मांजरसुंबा किंवा धारूरचा घाट उन्हाळ्यात चढताना जुन्या मोटारीतील कूलंटची, म्हणजे इंजिनाची उष्णता रेडिएटरपर्यंत वाहून नेणाऱ्या द्रवाची, किरकोळ गळतीही उघडी पडते. रेडिएटरचे झाकण साधारण एक बार अधिक दाब धरून ठेवते, त्यामुळे हा द्रव सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. गळतीने दाब उतरला की तो लवकर उकळतो आणि इंजिन तापते.

शोधासाठी इंजिन थंड असताना झाकणाच्या जागी हातपंपाचे दाबमापक बसवतात व काटा खाली येऊ लागताच ओल शोधतात. होज पाइपच्या क्लॅम्पभोवतीची पांढुरकी-हिरवट खपली ही जुन्या गळतीची खूण असते, तर वॉटर पंपाच्या तळच्या बारीक छिद्रातून थेंब पडत असल्यास पंपाच्या दांड्याचे सील झिजलेले असते. बाहेर कोठेही ओल नसताना द्रव घटत असेल आणि ऑइल दुधाळ झाले असेल, तर ब्लॉक व हेड यांमधील गॅस्केटवरच संशय घ्यावा.

गळती बुजवण्यासाठी रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा प्रवासातला उपाय सर्वश्रुत असला, तरी ती बारीक नळ्याही बुजवते. बोअरच्या जड पाण्याचे क्षारही तेच करतात. म्हणून होज आणि सील बदलणेच योग्य, आणि इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत झाकणाला हात लावू नये.