कोठ्यातली जावा कशाने मरते?

जुनी मोटारसायकल धावून जेवढी झिजते, त्याहून जास्त ती उभी राहून खराब होते. जुन्या गाड्या घेऊन पुन्हा रस्त्यावर आणायचा छंद ज्यांना आहे, त्यांनी वाशिम जिल्ह्यात गाडी शोधताना हे आधी ध्यानात घ्यावं. रिसोड, मालेगाव, मानोरा भागात अशी गाडी सापडते ती बहुधा कोठ्यात, खताच्या गोण्यांना टेकलेली, बैलांच्या दावणीशेजारी.

खेड्यापाड्यात मान होता राजदूत आणि जावा-येझदीला. राजदूत १७५ एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घडवली. जावा २५० म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून तयार होऊ लागली, पुढे ती येझदी झाली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. दोन्ही गाड्या टू-स्ट्रोक. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक एवढाच मुख्य पसारा. तालुक्याचा मिस्त्री आजही हे इंजिन सहज खोलतो. जावात तर किक आणि गिअरचा दांडा एकच, तोही इतका विचारपूर्वक केलेला की गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो.

या साधेपणातच तिचं दुखणं आहे. क्रँकच्या बेअरिंगला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलचं, म्हणजे गाडी चालू असेल तोवरच. बंद पडताना पिस्टन जर एक्झॉस्टचं तोंड उघडं ठेवून थांबला, तर सायलेन्सरमधून पावसाळी दमट हवा थेट सिलिंडरमध्ये शिरते. रिंगा गंजून बोअरला चिकटतात. किक खाली जात नाही, की लोक तिच्यावर उभे राहतात आणि चांगली रिंग मोडून बसतात. प्लगच्या भोकातून डिझेल सोडून काही दिवस थांबावं. घाईची किंमत नवा बोअर आणि ओव्हरसाइज पिस्टन.

कोठ्याची हवा मात्र नुसती दमट नसते. जनावरांच्या मुतातून अमोनिया सुटतो आणि तांबं-पितळेचा तो मोठा वैरी आहे. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या लष्कराने पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यात ठेवली, तेव्हा ती आपोआप तडकू लागली. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, ओल आणि पितळात घडणीच्या वेळी राहिलेला ताण या तिघांचा हा परिणाम, हे उलगडायला १९२१ साल उजाडावं लागलं. तोच अमोनिया कोठ्यातल्या गाडीच्या तांब्याच्या वायरी आणि कार्बोरेटरचे पितळी जेट खातो. शेजारी पोटॅशची गोणी असेल तर आणखी वाईट. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आणि क्लोराइड लोखंडाचा गंज झपाट्याने वाढवतं.

गंज काढायला बरेच जण सरळ ग्राइंडर लावतात. मला ते पटत नाही. गंजाबरोबर चांगला पत्राही जातो. त्याहून विजेचा उपाय सोपा. प्लास्टिकच्या टबात धुण्याच्या सोड्याचं पाणी घ्यायचं, गंजलेला लोखंडी भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि भंगारातली लोखंडी पट्टी धन टोकाला जोडायची. गंज सुटून येतो, धातू शाबूत राहतो. यात हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्यावरच करावं. स्टेनलेस स्टीलची पट्टी कधीही लावू नये, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. ॲल्युमिनियमचे भाग या पाण्यात घालू नयेत, सोडा त्यांनाच खातो.

गाडी चालू झाली की नवा प्रश्न पेट्रोलचा. आता त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल-पाण्याचा थर टाकीच्या तळाशी बसतो आणि ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. टू-स्ट्रोक गाडीने तो तळाचा थर ओढला, की इंजिन वंगणाविना फिरतं आणि जाम होतं. त्यामुळे जुन्या गाडीच्या टाकीत पेट्रोल महिनोन् महिने ठेवू नये.

कागदपत्रांत वाशिमकरांची एक खास गोष्ट आहे. जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, येझदीचा कारखाना त्याआधीच बंद झालेला. म्हणजे इथल्या बहुतेक जावा-येझदींची मूळ नोंद अकोल्याची असणार. शोध तिथून सुरू करावा. इंजिन आणि चेसिसचे नंबर आरसी बुकाशी जुळल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये वेगळे नियम केले. ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक, २०,००० रुपये शुल्क आणि १० वर्षांची नोंदणी. अट ही की गाडी मूळ रूपात हवी आणि ती रोजच्या वापरात नको. म्हणून क्रोमचा झगमगाट आणि नवे हँडल बसवण्याआधी विचार करावा. मूळ रंगाचा खरवडलेला पत्रा माझ्या लेखी नव्या रंगापेक्षा मोलाचा आहे.

तुमच्या कोठ्यात अशी गाडी असेल, तर पावसाळ्याआधी ती खतापासून आणि जनावरांपासून दूर हलवा. टाकी रिकामी करा, प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडा, सायलेन्सरचं तोंड बांधा. आणि विकायचीच असेल, तर भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. आरसी बुकासह एखाद्या हौशी माणसाच्या हाती द्या.