बिबट्या उचलाल, पण ठेवाल कुठे?

पुणे-लोणावळा लोकलने कामशेतला उतरायचं, दिवसभर पॅराग्लायडिंग, संध्याकाळी मित्राच्या फार्महाऊसवर बार्बेक्यू. आमचा वीकएण्डचा फण्डा ठरलेला! पण एका रविवारी सकाळी गेटजवळच्या ओल्या मातीत ठसे दिसले. चार बोटं, मोठी गादी, नखांची खूण नाही. शेजारचे मामा वाकून बघत म्हणाले, "वाघरू येऊन गेलं." म्हणजे बिबट्या. आमची झोप खाड्कन उडाली.

आठवडाभरात फार्महाऊसवाल्यांचा अर्ज तयार झाला. पिंजरा लावा, बिबट्या पकडा, लांबच्या जंगलात सोडा. सिंपल! मी सहीसाठी पेन काढलं, तर मामा म्हणाले, "लांब म्हंजे कुठं? तिथं बी माणसंच राहत्यात की." आदल्या वर्षी त्यांचीच शेळी गेली होती, बरं का! मी पेन खिशात ठेवलं आणि वाचायला बसलो.

उत्तर आपल्याच जिल्ह्यात निघालं. जुन्नर भागात उसाच्या शेतात बिबट्यांचा मुक्काम. 2001पासून तिथले बिबटे मोठ्या संख्येने पकडून सरासरी चाळीसेक किलोमीटरवर सोडले गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी याचा हिशेब मांडला. माणसांवरचे हल्ले आधी वर्षाला सरासरी 4 होते, ते 17वर गेले! कारण पिंजऱ्यात बिथरलेलं जनावर अनोळखी मुलखात सोडलं जातं, ते घराची वाट शोधत वस्त्यांमधून फिरतं. आणि इकडे रिकाम्या जागी दुसरा बिबट्या हजर.

'आजोबा' आठवतो? 2009मध्ये नगर जिल्ह्यातल्या विहिरीतून काढून, कॉलर घालून त्याला माळशेजला सोडलं. पठ्ठ्या सव्वाशेएक किलोमीटर चालत, मुंबई-आग्रा हायवे ओलांडून थेट बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या हद्दीत पोचला! वाटेत कुणाला ओरखडाही नाही. त्याच्यावर 2014मध्ये सिनेमाही आला.

मग जनावरं हलवूच नयेत का? तसं नाही. नोव्हेंबर 2025मध्ये ताडोबाहून एक वाघीण सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, चांदोलीला आणली गेली. तिथे वाघ मोजकेच, तेही नर. म्हणजे वंश वाढणार कसा? तिला आधी बंदिस्त कुंपणात ठेवलं, कॉलर लावली, मग दार उघडलं. जंगलाला गरज होती, म्हणून ती आली. आमच्या अर्जात मात्र नको असलेलं जनावर दुसऱ्याच्या दारात टाकायचं होतं. फरक आहे, बॉस!

पण मामांच्या नातवाची शाळेची वाट अंधारातलीच. त्याचं काय? हा प्रश्न सहीपेक्षा अवघड होता. मग लक्षात आलं, आमच्या बार्बेक्यूची हाडं गेटबाहेर पडतात. हाडांवर कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या. म्हणजे आमंत्रण आम्हीच देत होतो!

मी सही केली नाही. मित्र दोन दिवस बोलत नव्हता. शेवटी आम्ही वर्गणी काढली. मामांच्या गोठ्याला मजबूत जाळी आणि दार बसवलं, वाटेवर दोन दिवे लागले. उरलेली हाडं आता पिशवीत बांधून आम्ही परत पुण्याला नेतो. लोकलमध्ये वास येतो, लोक वळून बघतात. बघू देत!

पोरं संध्याकाळी घोळक्यानेच घरी येतात. ठसे अजूनही अधूनमधून दिसतात, पण गोठ्यापासून दूर, ओढ्याच्या काठाने. मामा म्हणतात, "त्याची वाट हाय ती. जाऊ दे त्याला."