जुना टर्बो बसवण्यापूर्वी

सिल्वासाहून खानवेलमार्गे दुधनीकडे जाणारा रस्ता चढू लागला की डिझेल गाडीच्या टर्बोची खरी परीक्षा सुरू होते. चढावर गाडी मलूल झाली, मागून काळा किंवा निळसर धूर येऊ लागला आणि शिट्टीसारखा आवाज वाढला, तर गॅरेजमधले निदान बहुधा ठरलेले असते : टर्बो गेला. नव्या टर्बोची किंमत ऐकून पुष्कळ जण जुन्या मालाकडे वळतात. मग वापी-सुरतेत चौकशी होते, नाहीतर मुंबईतील कुर्ल्याचा सुट्या भागांचा बाजार गाठला जातो. जुना टर्बो घेण्यात गैर काही नाही. पण तो आणला तसाच बसवला, तर काही दिवसांतच तोच खर्च पुन्हा अंगावर येतो, आणि कधी कधी त्याच्याबरोबर इंजिनही जाते.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक चाक फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने इंजिनात जास्त हवा दाबून भरायची, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांची. त्यांचे पेटंट १९०५ सालचे आहे. मोटारीच्या लहान टर्बोतला दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. बहुतेक टर्बोंमध्ये हा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो आणि बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच असते. एवढ्या फटीत वाळूचा कण किंवा किटणाची कपची शिरली तर काय होईल, हे निराळे सांगायला नको. जुना टर्बो साफ करण्याचा सारा खटाटोप या फटीसाठी असतो.

साफसफाईला हात घालण्याआधी टर्बो घेण्याजोगा आहे का, हे पाहावे. हवेच्या बाजूच्या चाकाची पाती तुटलेली, वाकलेली किंवा कडेला खाल्लेली असतील, तर तो तिथेच ठेवावा. दांडा बोटांनी बाजूला हलवला असता किंचित हलतो; तेल नसताना तेवढा ‘प्ले’ स्वाभाविक असतो. पण चाक घराच्या भिंतीला घासत असेल, किंवा दांडा मागे-पुढे हलल्याचे बोटांना स्पष्ट जाणवत असेल, तर बेअरिंग संपले आहे. पट्टीवरचा क्रमांक आपल्या गाडीच्या टर्बोशी जुळवावा आणि पावती घ्यावी. सुट्या भागांच्या बाजारात चोरीचा मालही फिरतो.

खोलण्यापूर्वी सगळी तोंडे बंद करून बाहेरची माती आधी धुवावी. मग दोन्ही घरे मधल्या भागाशी कोणत्या कोनात बसली आहेत, त्याच्या खुणा कराव्यात. ही खूण विसरली की नळ्या जागेवर येत नाहीत. धुराच्या बाजूचे घर बिडाचे असते. ते सुटे केल्यावर तारेच्या ब्रशने घासले तरी चालते. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत उघड्यावर पडलेल्या टर्बोला इथेच जास्त गंज चढलेला असतो. हवेच्या बाजूचे घर मात्र ॲल्युमिनियमचे. त्याला कॉस्टिक सोडा लावू नये, तो धातूच खातो. रॉकेल किंवा कार्ब्युरेटर क्लीनर आणि नायलॉनचा ब्रश पुरतो. हे काम मोकळ्या हवेत, आगीपासून दूर करावे.

मधला भाग, म्हणजे ज्याला मिस्त्री ‘कोअर’ म्हणतात तो, घरी उघडू नये. दांडा आणि चाके एकत्र तोलून बसवलेली असतात. नट एकदा सैल केला की तो तोल तपासायला खास यंत्र लागते. कोअर न उघडता तेलाच्या वाटा मात्र साफ कराव्याच लागतात. तापलेल्या तेलाचे तिथे कडक किटण झालेले असते. द्रावण भरून ते मऊ होऊ द्यावे, काळे पाणी निघायचे थांबेपर्यंत धुवावे आणि मग हलक्या हवेने वाळवावे. किटण इतके कडक असेल की ते सुटतच नाही, तर कोअर टर्बो दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे द्यावा. वाळूचा मारा करून तो चकचकीत करणे हा तर आत्मघातच, कारण त्यातला कण पुढे तेलाबरोबर फिरत राहतो.

येथे गॅरेजांमधल्या एका खोडीविषयी सांगणे भाग आहे. कॉम्प्रेसरची हवा चाकावर मारून टर्बो गरगर फिरवला जातो आणि ती शिट्टी ऐकून गिऱ्हाईकही खूश होते. तेलाविना फिरलेले बेअरिंग तेवढ्यातच घासले जाते. हवा मारताना चाक बोटाने धरून ठेवावे. फिरत्या पात्यांचा टर्बो असेल तर काजळीने अडकलेली पाती द्रावणात भिजू द्यावीत, पक्कडीने ओढू नयेत. मर्यादेच्या स्क्रूला हात लावू नये.

इथपर्यंत टर्बोचे झाले. गाडीचे काम अजून उरलेले असते, आणि बहुतेक वेळा घाई तिथेच होते. आधीचा टर्बो का गेला, हे न शोधता दुसरा बसवला तर तोही जातो. तेलाची बारीक नळी आतून चोंदली असेल, तर ती साफ करण्यापेक्षा नवी घालावी. तेल परत जाणारी नळी सरळ उताराची आणि मोकळी असावी. तेलाच्या जोडांना सिलिकॉन लावू नये. त्याचे तुकडे सुटून वाट बुजवतात. तांब्याचे वॉशर आणि गास्केट नवे असावेत. इंटरकूलर उतरवून धुणे तर अनिवार्य आहे. जुन्या टर्बोने ओकलेले तेल आणि तुटलेल्या पात्यांचे तुकडे तिथे साचलेले असतात. ते तेल इंजिनात ओढले गेले तर डिझेल इंजिन त्याच्यावरच चालू लागते. मग किल्ली काढली तरी ते थांबत नाही, वेग वाढतच जातो. गॅरेजमध्ये उभ्या माणसांच्या जिवालाही त्यात धोका असतो.

तेल, तेलाचा फिल्टर आणि हवेचा फिल्टर बदलून टर्बो बसवावा. नळी जोडण्याआधी तेलाच्या तोंडात स्वच्छ इंजिन ऑइल ओतून चाक हाताने काही वेळा फिरवावे. मग इंधन बंद ठेवून स्टार्टरने इंजिन थोडे-थोडे फिरवावे, म्हणजे तेल वरपर्यंत पोहोचते. सुरू झाल्यावर काही मिनिटे गाडी नुसती चालू ठेवावी, रेस देऊ नये. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर, इंजिन थंड झाल्यावर, सगळे जोड पुन्हा पाहावेत; कुठे ओल दिसली तर तो जोड उघडून वॉशर बदलावा.